पाचव्या वर्षी फासळ्या दिसतात तेव्हा

दोन मुलगे घ्या. दोघांनाही नुकतंच पाचवं वर्ष पूर्ण झालंय आणि दोघांचीही उंची 110 सेंटिमीटर आहे. एकाचं वजन साडेअठरा किलो, दुसऱ्याचं 22 किलो 300 ग्रॅम. मोबाइलवर फुकट मिळणाऱ्या एखाद्या साध्या बीएमआय कॅल्क्युलेटरमध्ये हे आकडे टाकले, की पहिल्याचा बीएमआय येतो 15.3 आणि दुसऱ्याचा 18.4. खालचा शेरा मात्र दोघांनाही एकच मिळतो: वजन कमी.

मग दोन्ही घरांत व्हायचं तेच होतं. पहिल्याच्या आईला ‘मी म्हणतच होते’ हे ऐकून घ्यावं लागतं, कारण आंघोळ घालताना आजीला त्याच्या फासळ्या मोजता येतात. दुधात घालायची पावडर येते, वरणभातावरची तुपाची धार जाड होते. दुसऱ्याच्या घरी जरा नवल वाटतं. त्याच्या वयाच्या मापाची पँट त्याला कमरेत बसत नाही. पण फोन सांगतोय म्हटल्यावर त्याच्याही पानात अर्धी पोळी जास्त पडते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात हे दोघं शोधले तर वेगळंच चित्र दिसतं. पहिला मुलगा बरोबर मधोमध आहे. त्याच्या वयाच्या निम्म्या मुलांचा बीएमआय त्याच्यापेक्षा जास्त, निम्म्यांचा कमी. दुसरा स्थूलतेची रेषा ओलांडून गेलाय. म्हणजे एकाला नसलेला आजार चिकटवला गेला आणि दुसऱ्याची खरी अडचण नेमकी उलटी सांगितली गेली.

कॅल्क्युलेटरचा भागाकार चुकलेला नाही. 18.5 च्या खाली वजन कमी, 25 च्या वर जास्त, 30 च्या वर स्थूल, ही मोजपट्टी वाढ पूर्ण झालेल्या माणसांची आहे. ती वाढत्या अंगाला लावली, इतकंच.

खगोलशास्त्रज्ञाचा भागाकार

बीएमआय काढायला कॅल्क्युलेटरचीही गरज नाही. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीनं भागायचं आणि आलेल्या उत्तराला पुन्हा उंचीनं भागायचं. साडेअठरा भागिले 1.10, पुन्हा भागिले 1.10, उत्तर 15.3. उंच माणूस ठेंगण्यापेक्षा जड असणारच, तेव्हा वजनातला उंचीचा वाटा बाजूला काढून उरलेलं बघायचं, असा हा हिशेब.

उंचीनं दोनदाच का भागायचं, हा प्रश्न शाळकरी मुलंसुद्धा विचारतात आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर अडॉल्फ केटले या बेल्जियमच्या खगोलशास्त्रज्ञाकडे जातं. ग्रह-ताऱ्यांच्या मोजमापांत वापरलं जाणारं गणित माणसांना लावून ‘सरासरी माणूस’ शोधायचा त्याला छंद होता. 1830 च्या दशकात त्यानं बरीच मापं गोळा केली आणि त्याला दिसलं, की मोठ्या माणसांत वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. माणूस सगळ्या बाजूंनी सारखाच वाढत असता तर ते घनाच्या प्रमाणात वाढलं असतं. पण उंच माणसं त्या मानानं सडपातळ असतात.

केटलेनं मुलांचीही मापं बघितली होती आणि वाढीच्या वयात हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही, हे त्यानं लिहूनही ठेवलं होतं. त्याच्या मते तिथं उंचीचा घातांक दोन नव्हे, अडीचच्या आसपास येत होता. पुढं संशोधकांनी वयवार तपासलं तेव्हा शाळेत जाण्याआधीच्या वयात तो दोनच्या जवळ, पौगंडावस्थेत तीनच्या दिशेनं चढलेला आणि वाढ संपत आली की परत दोनकडे आलेला सापडला.

या भागाकाराला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव मिळालं ते 1972 साली, अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज यांच्या शोधनिबंधात. त्यांनी पाच देशांतल्या सात हजारांहून अधिक पुरुषांची मापं तपासली होती. पुरुषांची, आणि तीही प्रौढांची. चरबी मोजायचे त्या काळचे इतर सोपे ठोकताळे यापेक्षा बरे नाहीत, एवढंच त्यांना दाखवायचं होतं. तो आकडा एक दिवस बालवाडीतल्या पोराच्या डब्यात काय भरायचं हे ठरवेल, असं त्यात कुठंही नव्हतं.

तरीही बालरोगतज्ज्ञ बीएमआय वापरतात, आणि ते बरोबरच आहे. वजनकाटा आणि भिंतीवरची पट्टी कुठंही मिळते, सुई टोचावी लागत नाही, खर्च जवळपास शून्य. फक्त मुलांच्या बाबतीत तो आकडा एकटा वाचायचा नसतो.

बाळसं येतं, उतरतं, परत भरतं

मोठ्या माणसाचा बीएमआय वर्षानुवर्षं तिथल्या तिथं राहिला तर उत्तम. मुलाचा राहिला तर शंका घ्यावी. कारण निरोगी वाढीत तो सरळ रेषेत जातच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यावर मध्यरेषेवरून चालणारा एक मुलगा बघा. जन्मतः त्याचा बीएमआय 13.4 असतो. सहाव्या महिन्यात तो 17.3 वर जातो. हे बाळसं: मनगटावरच्या घड्या, मांड्यांच्या वळ्या, गालाचे गोळे. वेगानं वाढणाऱ्या मेंदूला सतत इंधन लागतं, आणि दात यायच्या, वरचं अन्न सुरू व्हायच्या, आजारपणांच्या त्या दिवसांत अंगावरची चरबी ही बाळाची शिल्लक असते. वर्षाचं होईतो तो 16.8 वर येतो, दोन वर्षांचा होईतो 16 वर. मूल चालायला-पळायला लागतं, उंची सुटते, पोट आत जातं. पाच-सहा वर्षांच्या सुमारास बीएमआय तळाला, 15.3 च्या आसपास पोचतो. अख्ख्या आयुष्यात तान्हेपणाचे पहिले काही आठवडे सोडले तर माणूस इतका सडसडीत पुन्हा कधी नसतो.

घरातल्या मोठ्यांची काळजी याच वयात टिपेला पोचते, हा काही योगायोग नाही. ‘लहानपणी किती गुटगुटीत होता, आता बघा’ हे वाक्य पहिलीत जाणाऱ्या जवळपास प्रत्येक मुलाच्या वाट्याला येतं. गुटगुटीतपणा गेलेला असतो तो वेळापत्रकाप्रमाणे.

तळ गाठल्यानंतर रेषा वळते आणि पुन्हा चढू लागते. फ्रान्समधल्या मारी-फ्रांस्वाज रोलां-काशेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 साली या वळणाकडे लक्ष वेधलं. इंग्रजीत त्याला ‘अडिपॉसिटी रिबाउंड’ म्हणतात. चरबीची दुसरी भरती म्हणा. त्यांना आढळलं, की हे वळण ज्या मुलांत लवकर येतं त्यांच्यात पुढं स्थूलता जास्त दिसते. सहाव्या वर्षी वळलेली रेषा आणि साडेतीन वर्षांनीच वळलेली रेषा यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारचं मूल त्या वेळी जाडही दिसत नसतं. ‘आता कुठं अंग धरायला लागलाय’ म्हणून घरात समाधान असतं. डॉक्टरच्या तक्त्यावर मात्र तोच काळ सगळ्यात बोलका असतो, अर्थात दर सहा महिन्यांनी कुणी ठिपका मांडला असेल तर.

पर्सेंटाइल, पण सीईटीचा नव्हे

तर मुलाच्या बीएमआयचा अर्थ लावायला आणखी दोन गोष्टी लागतात: नेमकं वय आणि मुलगा की मुलगी. एकाच घरातले दोन भाऊ समजा. धाकटा 10 वर्षांचा, उंची 140 सेंटिमीटर, वजन 40 किलो. थोरला 16 वर्षांचा, 168 सेंटिमीटर, साडेसत्तावन्न किलो. दोघांचाही बीएमआय 20.4. सोळाव्या वर्षी मुलांचा मधला आकडा 20.5 असतो, त्यामुळं थोरल्याबद्दल बोलायचं कारणच नाही. दहाव्या वर्षी मात्र मधला आकडा 16.4 आणि अतिवजनाची रेषा 18.5 वर असते. धाकटा ती ओलांडून पुढं गेलाय.

मुलाची जागा सांगायला डॉक्टर ‘पर्सेंटाइल’ वापरतात, आणि महाराष्ट्रातल्या पालकांना तो समजावून सांगायला एमएचटी-सीईटीइतकं सोयीचं दुसरं काही नाही. सीईटीत मुलीला 97 पर्सेंटाइल मिळाले म्हणजे परीक्षा दिलेल्या शंभरातल्या साधारण 97 जणांना तिच्याइतके किंवा तिच्याहून कमी गुण आहेत. बीएमआयचा पर्सेंटाइल अगदी असाच काढतात. परीक्षेला बसलेले फक्त तिच्याच वयाचे आणि मुलीच असतात. अडचण येते ती सवयीची. सीईटीच्या निकालाला पेढे वाटायची सवय लागलेल्या घराला 97 ऐकून बरं वाटतं आणि 30 ऐकून अपराधी. बीएमआयच्या तक्त्यावर 30 वर असलेल्या मुलीला 60 वर न्यायचं काहीही कारण नसतं. ती गेली तीन वर्षं तिसाच्या आसपास चालत असेल, तर तिची वाढ ठीक चालली आहे.

खरी माहिती या सातत्यातच असते. बहुतेक मुलं पहिली दोन-तीन वर्षं उलटली की आपापली वाट धरतात आणि तिला समांतर वाढत राहतात. 25 वर असलेलं मूल दीड वर्षात 75 वर गेलं तर ते अजून ‘सामान्य’ पट्ट्यात असेल, तरी डॉक्टर थांबून विचारतात: काय बदललं? शाळा, घर, झोप, एखादं औषध? उलट 75 वरून 25 वर घसरलेलं मूलही सामान्य पट्ट्यातच असतं आणि त्याचीही चौकशी व्हायला हवी.

कुणाच्या मुलांशी तुलना?

पर्सेंटाइल म्हटला की तुलना आली. ती कुणाशी, यावर तज्ज्ञांत बरीच वर्षं वाद झडले आहेत.

पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं 2006 साली जे तक्ते दिले त्यांची घडण वेगळी होती. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली अशी मुलं निवडली गेली, की ज्यांना आईचं दूध मिळालं होतं, ज्यांच्या आया धूम्रपान करत नव्हत्या आणि ज्यांच्या घरी वाढ खुंटावी अशी गरिबी नव्हती. भारतातली मुलं दिल्लीतली होती. मुलं कशी वाढतात यापेक्षा, सगळं अनुकूल असेल तर कशी वाढू शकतात हे त्या तक्त्यात आहे. अंगणवाडीत आज याच तक्त्यांवरून वजन-उंची ताडून ‘सॅम’ आणि ‘मॅम’, म्हणजे तीव्र आणि मध्यम कुपोषित मुलं ठरवतात.

पाच ते 19 वयासाठी संघटनेनं 2007 मध्ये दिलेला तक्ता मुख्यतः अमेरिकेतल्या जुन्या मापांवर उभा आहे. जुनी मापं मुद्दाम घेतली, कारण नवी घेतली असती तर तक्ताच बिघडला असता. सगळा वर्ग जाड झाला की ‘मधला’ मुलगाही जाड असतो, आणि तक्ता त्याला बिनधास्त पन्नासावा पर्सेंटाइल देऊन मोकळा होतो. अमेरिकेनं 2000 साली स्वतःचे तक्ते नव्यानं केले तेव्हा सहा वर्षांपुढच्या मुलांची सर्वांत ताजी वजनं याच कारणासाठी वगळली होती.

भारतानं यावर वेगळा तोडगा काढला. इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सनं, म्हणजे ‘आयएपी’नं, 2015 साली पाच ते 18 वयासाठी तक्ते प्रसिद्ध केले. पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर या कामात अग्रभागी होते. मुंबई-पुण्यापासून आगरतळ्यापर्यंत 14 शहरांतल्या मुलांची मापं त्यासाठी घेतली गेली. तक्त्याच्या खालच्या बाजूला पर्सेंटाइलच्या नेहमीच्या रेषा आहेत. वरच्या बाजूला मात्र 85 किंवा 95 अशा रेषा नाहीत. तिथं दोन रेषा ‘23 शी जुळणारी’ आणि ‘27 शी जुळणारी’ अशा आहेत. अठराव्या वर्षी जो बीएमआय 23 होईल, त्याची वाट दहाव्या, आठव्या, सहाव्या वर्षी कुठून गेली असती, हे मागं जात आखलंय. 23 च्या रेषेवर अतिवजन, 27 च्या रेषेवर स्थूलता. कल्पना मूळची ब्रिटनचे टिम कोल आणि सहकाऱ्यांची. त्यांनी 2000 साली 25 आणि 30 हे आकडे धरून अशाच रेषा काढल्या होत्या.

25 चे 23 का झाले, याचं उत्तर पुण्यातच सापडतं.

बावीस पूर्णांक तीन

‘लॅन्सेट’मध्ये 2004 साली एक छायाचित्र छापून आलं. त्यात दोन डॉक्टर शेजारी-शेजारी उभे आहेत: पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय 22.3. शरीरातली चरबी क्ष-किरणांच्या तंत्रानं मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. आकडा तंतोतंत तोच, चरबी दुपटीहून जास्त.

हे एका माणसापुरतं असतं तर गंमत म्हणून सोडून देता आलं असतं. याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास करत होते. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन किलो. एवढ्या फरकात सगळंच कमी भरायला हवं. पोटाचा घेर, स्नायू कमी भरलेही. पाठीवर, खांद्याच्या पात्याखाली चिमटीत धरून मोजलेली चरबी मात्र जवळपास टिकून होती. काटकुळं दिसणारं बाळ आतून तसं नव्हतं. म्हणूनच भारतीय मुलांच्या तक्त्यावर धोक्याची रेषा थोडी खाली ओढलेली आहे.

बीएमआयला चरबी दिसत नाही, फक्त वजन दिसतं. कोल्हापूरच्या तालमीत रोज जोर-बैठका मारणाऱ्या सोळा वर्षांच्या पोराची उंची 170 सेंटिमीटर आणि वजन 78 किलो असेल, तर त्याचा बीएमआय 27 होतो आणि तो सरळ अतिवजनात जाऊन बसतो. त्याच आकड्याचा दुसरा पोरगा दिवसभर फोन घेऊन पडलेला असू शकतो. दोघांमधला फरक शिंप्याच्या टेपनं कळतो: कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे का, एवढं बघायचं.

आणखी एक खूण मराठी घरांत हटकून चुकीची वाचली जाते. मुलाची मान मागच्या बाजूनं काळसर, मखमलीसारखी जाड दिसू लागते. आई ती मळ समजून उटण्यानं, लिंबाच्या फोडीनं, कधी चक्क घासणीनं घासते. ती जात नाही, कारण तो मळ नसतोच. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की त्वचेवर असे पट्टे येतात, काखेतही येतात. वाढलेल्या बीएमआयच्या जोडीला अशी मान असेल, तर रक्तातली साखर तपासायला वेळ लावू नये.

उंचीकडे कुणी पाहिलं का?

आता आठ वर्षांचा एक मुलगा: वजन साडेएकोणीस किलो, उंची 112 सेंटिमीटर. बीएमआय 15.5, त्याच्या वयाला जवळपास आदर्श. पण 112 ही साडेपाच वर्षांच्या मुलाची उंची आहे. वर्षानुवर्षं पोटाला कमी पडलं किंवा आजार रेंगाळला, की शरीर उंचीवरही काट मारतं. उंची आणि वजन दोन्ही मागं राहिली की भागाकार छान येतो. नंदुरबार किंवा मेळघाटातल्या आश्रमशाळेत नुसता बीएमआय काढून परत येणाऱ्या तपासणी पथकाला असं मूल सहज हुकेल.

उंची दुसऱ्या टोकालाही उपयोगी पडते. खाणं जास्त आणि हालचाल कमी म्हणून जाड झालेली मुलं सहसा वयाच्या मानानं उंच असतात. मूल जाड होतंय आणि उंची मात्र अडलीय, असं दिसलं तर कारण ताटात नसून थायरॉइड किंवा दुसऱ्या एखाद्या संप्रेरकात असू शकतं. दीर्घकाळ चालू असलेलं स्टेरॉइडही हे करतं. अशा मुलाला ‘कमी खा’ सांगून पाठवणं म्हणजे निदान पुढं ढकलणं.

> घरी मोजायचं असेल तर
>
> बूट-मोजे काढा. मुलींचा अंबाडा, उंच बांधलेली वेणी, हेअरबँड सोडा. टाचा, पार्श्वभाग, खांदे भिंतीला लागलेले, नजर समोर. डोक्यावर पुस्तक आडवं, भिंतीला काटकोनात धरून खूण करा आणि मग मोजा.
>
> वजन सकाळी, अंगावर हलके कपडे असताना. काटा कडक फरशीवर ठेवा, सतरंजीवर नको.
>
> उंचीची चूक दुप्पट महागात पडते, कारण भागाकार दोनदा होतो. 120 सेंटिमीटर, 22 किलोच्या मुलाचा बीएमआय 15.3. उंची चुकून 118 लिहिली तर 15.8. सातव्या वर्षी मुलांची मध्यरेषा आणि अतिवजनाची रेषा यांत जेमतेम दीडचं अंतर असतं; त्यातला तिसरा हिस्सा एका मोजपट्टीनं खाल्ला.
>
> आलेला आकडा मोठ्यांच्या कॅल्क्युलेटरमध्ये न टाकता आयएपीच्या मुलांच्या किंवा मुलींच्या तक्त्यावर, वयाच्या वर्ष-महिन्यासमोर मांडा.

वयात येताना

दहा ते पंधरा हा काळ आकड्यांचा सगळ्यात खट्याळ काळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात मध्यरेषेवरून चालणाऱ्या मुलीचा बीएमआय दहाव्या वर्षी 16.6 असतो आणि पंधराव्या वर्षी 20.2. उंचीही वाढत असल्यामुळं प्रत्यक्ष वजनात ही भर सुमारे 21 किलोंची होते. पाच वर्षांत 21 किलो, आणि तेही अगदी मधोमध असलेल्या, कसलीही तक्रार नसलेल्या मुलीची.

तिच्या शरीरात याच वेळी चरबीचं प्रमाण वाढतं. नितंब, मांड्या, छाती भरते. पाळी सुरू होण्याची आणि नियमित होण्याची तयारी त्यात असते. मुलांचं उलटं. त्यांच्यात स्नायू आणि हाडं वाढतात आणि चरबीचा टक्का उतरतो. बीएमआयची रेषा दोघांचीही चढत असते, पण एकीच्या चढात चरबी बरीच असते आणि दुसऱ्याच्या चढात मुख्यतः मांस आणि हाडं. मुला-मुलींचे तक्ते वेगळे ठेवावे लागतात ते यासाठी.

शिवाय सगळ्यांची घड्याळं सारखी चालत नाहीत. सातवीच्या एकाच बाकावर पाळी सुरू होऊन दोन वर्षं झालेली मुलगी आणि अजून काहीच सुरू न झालेली मुलगी शेजारी बसतात. दोघींचं वय 12, तक्ता एकच. लवकर वयात आलेल्या मुलीचा बीएमआय काही काळ वरच्या रेषांकडे झुकतो. त्या टप्प्यावर एखादी मावशी ‘सुटत चाललीस’ म्हणाली, की मुलगी सकाळचा डबा परत आणायला लागते. हाडांत कॅल्शियम साठायच्या, रक्त वाढायच्या नेमक्या वयात. खाली घसरणाऱ्या रेषेइतकंच पाळी थांबण्याकडेही अशा वेळी लक्ष हवं.

शाळेतला कागद

महाराष्ट्रातल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली होते. देशभरासाठी या कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरमधूनच झाली होती. अशा तपासण्यांची गरज किती आहे हे 2016 ते 2018 दरम्यान झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणातून दिसतं: 10 ते 19 वयोगटातली 24 टक्के मुलं-मुली बीएमआयनुसार कृश, तर पाच टक्के अतिवजनाची. शहरातल्या खासगी शाळेचं फाटक आणि डोंगरातला पाडा यांतलं अंतर या दोन आकड्यांत मावत नाही, पण एकाच राज्याला दोन्ही टोकांवर नजर ठेवावी लागते, एवढं त्यातून कळतं.

तपासणीनंतर काय करायचं, हा प्रश्न मात्र मोजण्यापेक्षा अवघड आहे. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यानं 2003 साली कायदा करून मुलांचा बीएमआय पालकांना कळवायला सुरुवात केली. बऱ्याच राज्यांनी तोच कित्ता गिरवला. पुढं कॅलिफोर्नियातल्या 79 शाळांमध्ये रीतसर प्रयोग करून पाहिला गेला आणि त्याचे निष्कर्ष 2021 साली आले. घरी कागद पाठवल्यानं मुलांच्या वजनात काही फरक पडला नव्हता. मोजणी झालेल्या मुलांचं स्वतःच्या अंगाबद्दलचं समाधान मात्र घटलं होतं.

आपल्याकडं मोजणी बहुधा वर्गासमोरच होते. एक जण काट्यावर उभा, बाई आकडा मोठ्यानं वाचतात, दुसऱ्या बाई रजिस्टरात लिहितात. मधल्या सुट्टीपर्यंत कुणाचं तरी ‘ढोल्या’ आणि कुणाचं ‘काडीपैलवान’ हे नाव पक्कं झालेलं असतं. एक पडदा आणि हळू आवाज यांना निधी लागत नाही.

वजन तेवढंच, बीएमआय खाली

बीएमआय वाढलेल्या मुलाच्या पालकांचा पहिला प्रश्न ‘किती किलो कमी करायचे?’ हा असतो. बहुतेक वेळा डॉक्टरांचं उत्तर ‘एकही नाही’ असं येतं आणि पालक बुचकळ्यात पडतात.

समजा, नऊ वर्षांची एक मुलगी 135 सेंटिमीटर उंच आणि 37 किलो वजनाची आहे. बीएमआय 20.3, तिच्या वयाला अतिवजनाची रेषा 18.3 वर, म्हणजे ती चांगलीच वर. दीड वर्षात तिची उंची 144 झाली आणि वजन फक्त दोन किलोनं वाढून 39 वर आलं, तर बीएमआय 18.8 होतो. साडेदहाव्या वर्षी ती रेषा 19 च्या थोडी वर सरकलेली असते. मुलीचं वजन एकदाही उतरलेलं नाही, तरी ती रेषेच्या खाली आली. काम उंचीनं केलं. घरच्यांनी फक्त वजनाला धावू दिलं नाही. शाळेतून आल्यावरचं बिस्किट-वेफर्स जाऊन तिथं पोळीभाजी किंवा थालीपीठ आलं, पेयांतली साखर गेली, संध्याकाळचा तास मैदानावर गेला, रात्री झोप नऊ तास झाली, अशा बदलांवर हे भागतं. उपास, ‘डाएट’, भात बंद, यांची गरज पडत नाही. हे बदल सगळ्या घरानं केले तरच टिकतात. एकटीच्या ताटातली भजी काढून भावाच्या ताटात वाढली, तर ती नंतर लपूनछपून खाल्ली जातात.

ही सवलत वाढ चालू असेपर्यंतच मिळते. मुलींची उंची पाळी सुरू झाल्यावर साधारण दोन-तीन वर्षांत थांबते, मुलांची आणखी थोडी पुढं. सतरा वर्षांच्या मुलाचा बीएमआय 31 असेल तर उंचीची मदत आता येणार नाही. तिथं वजन खरंच उतरवावं लागतं, आणि ते डॉक्टर व आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली. सोबत रक्तदाब, साखर, चरबीचे घटक आणि यकृताची तपासणी, रात्री घोरणं किंवा दिवसा पेंग येणं याची चौकशी. जानेवारी 2025 मध्ये ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञगटानं स्थूलतेची जी नवी व्याख्या मांडली, तिच्यातही बीएमआय हा फक्त पहिला टप्पा आहे. त्यानंतर कमरेचा घेर किंवा प्रत्यक्ष चरबी मोजायची आणि अवयवांवर परिणाम झालाय का ते बघून मगच आजार म्हणायचा. मुलांसाठी त्या परिणामांची वेगळी यादी तयार केली गेली आहे. तिच्यात दमणं, गुडघे आणि पाय दुखणं, झोपेत श्वास अडणं यांसारख्या तक्रारी येतात.